सिस्टर गेल्या आणि फी वाढली: अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांचा हिशोब

नमस्कार मंडळी! तुमच्यापैकी जे कॉन्व्हेंटमध्ये शिकलेत, मुंबईत, पुण्यात नाहीतर वसईत, त्यांना शाळेतल्या सिस्टर नक्की आठवत असतील. आज बोलूया अमेरिकेतल्या सिस्टरांबद्दल. तिथल्या कॅथलिक शाळांची फी का वाढली, ते त्यांच्याशिवाय समजतच नाही.

१९५० साली या शाळांत शिकवणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के जण सिस्टर, ब्रदर किंवा फादर होते. राहायला मठ (त्यालाही कॉन्व्हेंटच म्हणतात), हातात जेमतेम मानधन. आज हे प्रमाण ३ टक्क्यांच्याही खाली आलंय. त्यांच्या जागी आले घरसंसार असलेले शिक्षक. त्यांना घरभाडं आहे, मुलंबाळं आहेत, नीट पगार मिळायलाच हवा. तो येणार बहुतेक फीमधून. १९६० च्या दशकात या शाळांत ५२ लाख मुलं होती, आता साधारण १७ लाख. बंद पडलेल्यांत शहरांतल्या गरीब वस्त्यांमधल्या शाळा खूप होत्या. मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं.

मग मुलांना टॅब्लेट दिले की फी उतरते का? उलट वाढते! शाळेचा मोठा खर्च पगारांवर होतो, आणि टॅब्लेट म्हणजे त्यावर आणखी एक बिल. पैसे वाचतात ते शिक्षकाचा वेळ जास्त मुलांपर्यंत पोचला तर.

सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन डोलोरेस अकॅडमीने २०११ मध्ये सेटन एज्युकेशन पार्टनर्स या संस्थेबरोबर हाच प्रयोग सुरू केला. कल्पना करा, वर्गात तीस मुलं आहेत. पंधरा जण कॉम्प्युटरवर गणित सोडवतायत, आणि ज्याला जे अडतं त्याप्रमाणे प्रोग्रॅम पुढचं गणित देतो. बाकीचे पंधरा बाईंच्या भोवती बसलेत. थोड्या वेळाने अदलाबदल. बाईंसमोर एका वेळी पंधराच मुलं, पण पगार विभागला जातो तिसांत. म्हणजे बचत येते ती मोठ्या वर्गातून, आणि शाळेने हे पालकांना स्पष्ट सांगावं असं मला मनापासून वाटतं. प्रार्थना, बायबलचा तास आणि अगदी लहान मुलांचं वाचन मात्र मी तरी स्क्रीनवर कधीच सोडणार नाही.

बाकी मदत आहेच. ऑनलाइन धडे देणारी खान अकॅडमी फुकट आहे. फिजिक्सचा शिक्षक परवडत नसेल, तर दोन-तीन छोट्या शाळा मिळून एकच शिक्षक ऑनलाइन घेऊ शकतात. आणि ‘ई-रेट’! १९९६ च्या दूरसंचार कायद्यातून आलेली ही योजना. इंटरनेटच्या खर्चावर २० ते ९० टक्के सवलत, गरीब मुलं जितकी जास्त तितकी सवलत मोठी. ना-नफा धार्मिक शाळांनाही ती मिळते. अर्ज किचकट असतो, पण ऑफिसातल्या एकाने तरी तो शिकून घ्यावाच.

आता खरेदीचं. शाळा बहुतेकदा क्रोमबुक, म्हणजे गुगलच्या सिस्टिमवर चालणारे लॅपटॉप घेतात, कारण ते स्वस्त पडतात. पण प्रत्येक मॉडेलचे अपडेट एका ठरलेल्या तारखेला थांबतात. २०२३ मध्ये गुगलने ही मुदत दहा वर्षांपर्यंत वाढवली. ही दहा वर्षं मोजतात मॉडेलचा प्लॅटफॉर्म (आतली मूळ हार्डवेअर रचना) बाजारात आला तेव्हापासून, तुम्ही विकत घेतलं त्या दिवसापासून नव्हे. त्यामुळे जुनं मॉडेल सवलतीत मिळत असेल, तर आधी त्याची शेवटची तारीख बघा आणि किमतीला उरलेल्या वर्षांनी भागा. फीमध्ये धरायचा खरा आकडा तो.