आधी माणसं, मग उद्दिष्टं

मित्रहो,

नव्या वर्षाचं नियोजन करायला टीम बसते तेव्हा यादी झरझर तयार होते. नवा इंटरफेस, मोबाइलची आवृत्ती, सगळं डॉक्युमेंटेशन, टेस्ट दुप्पट. वाचून हुरूप येतो. पण हे करणार कोण, हा रकाना बहुतेक याद्यांमध्ये नसतो. कंपनीत तो मॅनेजर भरतो. आपल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या स्वयंसेवकांच्या टीममध्ये मात्र दुसऱ्याचं नाव परस्पर लिहिण्याचा अधिकार कुणालाच नाही.

डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमच्या मंडळींनी हे १९९८ साली थेट आपल्या घटनेतच नमूद केलं. प्रकल्पासाठी काम करण्याचं बंधन कुणावरही नाही आणि सोपवलेलं काम करायचं नसेल तर ते न करण्याची मोकळीक आहे, असं त्या घटनेत आहे. अशा अटीवर जगभरातले शेकडो लोक इतकी वर्षं मिळून एक अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम बांधतायत, याचं मला फार अप्रूप आहे. आपल्या नियोजनाची सुरुवातही याच अटीपासून व्हायला हवी.

म्हणून आधी प्रत्येकाला विचारा: येत्या वर्षात आठवड्याला किती तास देता येतील? कोणत्या महिन्यांत अजिबात जमणार नाही? आणि कोणतं काम मनापासून करावंसं वाटतं? समजा आठ जण आहेत आणि प्रत्येक जण चार तास देणार आहे. म्हणजे आठवड्याचे ३२ तास. त्यातले निम्मे तरी इश्यूंना, म्हणजे वापरकर्त्यांनी नोंदवलेल्या अडचणींना, उत्तरं देणं, आलेला कोड तपासणं, सुरक्षेच्या दुरुस्त्या, डिपेंडन्सी (आपण वापरतो तो इतरांचा कोड) अद्ययावत ठेवणं, रिलीज म्हणजे नवी आवृत्ती काढणं यांत जातात. उरले १६. सुट्ट्या आणि आजारपणं वजा करून वर्षाचे ४५ आठवडे धरले, तर ७२० तास होतात. पूर्णवेळ काम करणाऱ्या एका माणसाचे हे जेमतेम साडेचार महिने! हा आकडा फळ्यावर लिहून मगच यादीला हात घाला. दहा उद्दिष्टांची तीन होतील, आणि ती होऊ द्यावीत.

देखभाल मी आधी वजा केली, कारण ती कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये हार्टब्लीड हा सुरक्षेतला गंभीर दोष उघडकीला आला, तेव्हा जगाला कळलं की इंटरनेटवरच्या असंख्य सर्व्हरची सुरक्षितता ज्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीवर टेकली होती, तिच्यावर पूर्णवेळ काम करणारा एकच माणूस होता आणि देणग्या वर्षाला सुमारे २,००० डॉलर येत होत्या. मार्च २०२४ मधलं एक्सझेड या फायली लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरचं प्रकरण तर मला जास्त अस्वस्थ करतं. वर्षानुवर्षं एकट्याने प्रकल्प सांभाळणाऱ्या थकलेल्या मेंटेनरवर (देखभाल करणाऱ्यावर) ‘काम संथ चाललंय’ म्हणून दबाव आणला गेला. मदतीला आलेल्या एका अनोळखी व्यक्तीने हळूहळू विश्वास मिळवला, अधिकार मिळवले आणि शेवटी आत चोरदरवाजा बसवला. त्यामुळे ज्या कामाची माहिती एकाच माणसाला आहे, तिथे दुसरा माणूस तयार करणं हे मी वर्षाचं पहिलं उद्दिष्ट मानतो. त्यासाठी वेळ राखून ठेवावा लागतो. शिकवणाऱ्याचे तास त्या काळात निम्म्यावर येतात, हेही हिशेबात धरा.

तारखेबद्दल थोडक्यात. तारीख पक्की असेल तर आशय सैल ठेवा. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेची नवी आवृत्ती ३.९ पासून, म्हणजे २०२० पासून, दर ऑक्टोबरला येते. एखादी सुविधा तयार झाली नाही तर ती पुढच्या वर्षी येते आणि कुणाला अपराधी वाटत नाही. उलट पर्ल ६ या प्रोग्रामिंग भाषेची घोषणा २००० साली झाली आणि पहिली स्थिर आवृत्ती यायला २०१५ चा डिसेंबर उजाडला.

उद्दिष्टाला पालक हवाच. केडीई या लिनक्ससाठी डेस्कटॉप बनवणाऱ्या प्रकल्पात २०१७ पासून समुदाय मतदानाने मोजकीच उद्दिष्टं निवडतो आणि प्रत्येकामागे ते पुढे नेणारा माणूस उभा असतो. ही पद्धत लहान टीमलाही पेलते. ज्या उद्दिष्टाला स्वतःहून कुणी हात वर केला नाही, ते कितीही सुंदर असलं तरी ‘यंदा नाही’ या यादीत टाका. ती यादी सगळ्यांना दिसेल अशी ठेवा. वापरकर्त्यांना खरं उत्तर मिळतं, आणि बाहेरचं कुणीतरी ती वाचून ‘हे मी करतो’ म्हणत येण्याची शक्यताही उघडी राहते.

दर तीन महिन्यांनी तासभर एकत्र बसा. तिथे प्रगतीच्या आधी माणसांची विचारपूस करा: कुणाची नोकरी बदलली, कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाला कंटाळा आलाय. एखादा पालक थांबतो म्हणाला, तर कारण विचारत बसू नका. त्याचे आभार माना, झालेलं काम कुठवर आलंय ते दोन ओळींत लिहून घ्या आणि ते उद्दिष्ट ‘यंदा नाही’ मध्ये हलवा. सहा महिन्यांनी तोच माणूस परत आला, तर त्याला त्याच दोन ओळींपासून काम सुरू करता येतं.