जुन्या लेन्सची फोकस रिंग जड का होते आणि ती मोकळी कशी करावी

नमस्कार. ही लेन्स आहे हेलिओस ४४-२, ५८ मिलिमीटर, एफ/२. सोव्हिएत काळात झेनिट कॅमेऱ्यांसाठी ती मोठ्या संख्येने तयार झाली आणि आज ॲडाप्टर लावून मिररलेस कॅमेऱ्यावर ती वापरणारे पुष्कळ जण आहेत. या लेन्सविषयी सतत ऐकू येणारी एक तक्रार काचेची नसून फोकस रिंगची असते: ती फार जड फिरते. ही लेन्स कॅमेऱ्यावर एम-४२ मापाच्या आट्यांनी, म्हणजे स्क्रूसारखी फिरवून बसते, त्यामुळे रिंग जड असली की एका दिशेने फिरवताना रिंगऐवजी अख्खी लेन्सच सैल होऊ लागते, आणि हे लक्षात येईपर्यंत फोकस हातचा गेलेला असतो.

रिंगच्या आत हेलिकॉइड असते, म्हणजे एकात एक बसणाऱ्या धातूच्या नळ्या आणि त्यांवर कोरलेले आटे. रिंग फिरवली की या आट्यांच्या आधाराने काचांचा संच पुढे-मागे सरकतो. आटे एकमेकांवर घासू नयेत आणि बोटांना सगळीकडे सारखा, मऊ विरोध जाणवावा, यासाठी त्यांत ग्रीस भरलेले असते. ग्रीसमध्ये तेल असते आणि त्या तेलाला धरून ठेवणारा साबणासारखा घट्ट पदार्थ असतो. वर्षे उलटतात तसे, आणि उष्णतेत अधिक वेगाने, तेल त्यातून पाझरून निघून जाते आणि आट्यांमध्ये तो चिकट पदार्थच उरतो.

इथेच बरेच जण रिंगच्या फटीत गंजावर मारायचा स्प्रे किंवा शिलाई मशीनचे तेल सोडतात. कृपया हे करू नका. रिंग लगेच हलकी होते, म्हणून उपाय लागू पडला असे वाटते. पण ते पातळ तेल आट्यांत थांबत नाही, ते ॲपर्चरच्या, म्हणजे प्रकाशाचे भोक लहान-मोठे करणाऱ्या, पात्यांवर आणि काचांच्या कडांवर पसरते. हेलिओस ४४-२ मध्ये ॲपर्चर हाताने फिरवायचे असल्यामुळे तेलकट पातीसुद्धा बहुधा हलत राहतात, परंतु ज्या लेन्समध्ये शटर दाबताच पाती स्प्रिंगने मिटतात, तिथे ती तेलाने चिकटून उशिरा मिटतात आणि छायाचित्र जास्त उजळ येते. शिवाय तेलाची वाफ काचेच्या आतल्या बाजूवर धुरकट थर जमवू शकते. जड रिंग ही किरकोळ दुरुस्ती असते. तेलाने माखलेली लेन्स पूर्ण उघडावी लागते.

म्हणून आधी बोटांनी तपासावे. रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखीच जड असेल, तर जुने ग्रीस हेच कारण बहुतेक निश्चित समजावे. ठरावीक जागीच अडत असेल, तर लेन्स पडून नळीचा आकार बिघडला असण्याची शक्यता आहे, आणि तिथे ग्रीस बदलून काही साधत नाही. करकर जाणवत असेल, तर आत वाळू गेलेली आहे. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर छायाचित्रे काढणाऱ्यांनी अशी रिंग पुन्हा फिरवूच नये, कारण प्रत्येक फेरीत आट्यांवर ओरखडे उमटतात. हिमालयातल्या थंडीत रिंग जड झाली असेल, तर लेन्स उबेला आल्यावर ती आपोआप पूर्ववत होते. ऑटोफोकस लेन्स असेल, तर ती मॅन्युअलवर ठेवली आहे ना, एवढे आधी पाहावे. अनेक जुन्या ऑटोफोकस लेन्समध्ये तसे न करता रिंगवर जोर दिला, तर मोटरची दातेरी चाके दुखावतात.

ग्रीस बदलायचेच असेल, तर काम संयमाचे आहे. रिंगच्या कडेचे बारीक स्क्रू सैल करण्यापूर्वी आणि नंतर प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढून ठेवावेत. जपानी लेन्सच्या स्क्रूंना जपानी मापाचाच स्क्रू ड्रायव्हर लावावा, साध्या फुलीच्या ड्रायव्हरने त्यांची डोकी झिजतात. काचांचा संच बाजूला काढून ठेवल्यावर हेलिकॉइडचे दोन भाग उलगडत जावे, आणि ते ज्या क्षणी सुटतात, नेमकी ती जागा दोन्ही भागांवर खूण करून नोंदवावी. आटे एकापेक्षा जास्त ठिकाणांहून सुरू होतात. त्यामुळे परत बसवताना भाग चुकीच्या जागीही सहज बसतो आणि फिरतोही, पण फोकस मात्र जुळत नाही. माझ्या मते या सगळ्या कामात ही खूण सर्वांत महत्त्वाची आहे.

जुने ग्रीस लायटरच्या पेट्रोलने आणि जुन्या टूथब्रशने पूर्ण काढावे. हे खिडकी उघडी ठेवून आणि आगीपासून दूर करावे. आट्यांच्या खाचांत लाकडी काडी फिरवावी, धातूची सुई नको. नवे ग्रीस हेलिकॉइडसाठीचेच घ्यावे, गाडीच्या बेअरिंगचे नव्हे, आणि त्याचा अगदी पातळ थर द्यावा. मग दोन्ही भाग अनेक वेळा पूर्ण फिरवून बाहेर आलेले जास्तीचे ग्रीस पुसून घ्यावे.

शेवटचे स्क्रू कसण्याआधी लेन्स कॅमेऱ्यावर लावून दूरच्या डोंगरावर किंवा मनोऱ्यावर रोखावी आणि पडद्यावरचे चित्र मोठे करून पाहावे. रिंग अनंताच्या, म्हणजे अतिदूरच्या अंतराच्या, खुणेवर (∞) असताना ते चित्र स्पष्ट नसेल, तर आधी रिंग नळीवर किंचित सरकवून पाहावी. काचांचा संच तेवढा मागे येतच नसेल, तर आटे चुकीच्या जागी बसले आहेत. हेलिकॉइड पुन्हा उघडून खुणेवरूनच बसवावे.