विनिपेग फाल्कन्स: सार्जंट अव्हेन्यूची पोरं

[कृष्णधवल छायाचित्र: जहाजाच्या डेकवर उभा असलेला संघ]

एप्रिल १९२०. 'मेलिटा' जहाज अटलांटिक ओलांडतंय. त्यावरचे हे आठ हॉकीपटू निघालेत बेल्जियमला, अँटवर्पच्या ऑलिम्पिकसाठी. आइस हॉकी तिथे पहिल्यांदाच खेळली जाणार आहे आणि कॅनडाच्या वतीने उतरणार आहे तिथल्या विनिपेग शहरातला हा हौशी क्लब, फाल्कन्स. त्याच विनिपेगच्या मोठ्या क्लबांनी या हंगामात त्यांना आपल्या लीगमध्ये घेतलं नव्हतं.

आठांपैकी सात जण आइसलँडहून आलेल्या कुटुंबांतले. कप्तान फ्रँक फ्रेड्रिक्सनचं लहानपण घरात आइसलँडिक बोलण्यात गेलं. इंग्रजी तो शाळेच्या वयात शिकला. विनिपेगच्या सार्जंट अव्हेन्यू या रस्त्याच्या आसपास या लोकांची वस्ती होती. शहरातले नावाजलेले क्लब सुखवस्तू घरांतल्या मुलांचे. परक्या आडनावांच्या या पोरांना त्यांच्या पंगतीत पान नव्हतं. मग वस्तीतले दोन आइसलँडिक संघ एकत्र आले आणि फाल्कन्स उभा राहिला.

[सैनिकी गणवेशातला संघ]

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि खेळाडू एकामागून एक कॅनडाच्या सैन्याच्या २२३व्या बटालियनमध्ये भरती झाले. फ्रेड्रिक्सन पुढे वैमानिक झाला. १९१८ साली भूमध्य समुद्रात त्याच्या जहाजावर टॉर्पेडो आदळला, तेव्हा तो बचावनौकेत उतरला तो आपलं व्हायोलिन सोबत घेऊन. बस्टर थॉरस्टिन्सन आणि जॉर्ज कंबर्स मात्र परतले नाहीत.

देशासाठी दोन गडी गमावून आलेल्या या संघाला घरी पुन्हा तोच नकार मिळाला. ही गोष्ट मनाला फार लागते. पण फाल्कन्स विनवण्या करत बसले नाहीत. सेलकर्क आणि ब्रँडनच्या संघांना सोबत घेऊन त्यांनी स्वतःची लीग उभारली. ती जिंकली, मग त्यांना नाकारणाऱ्या शहरातल्या लीगच्या विजेत्यांनाही हरवलं. थेट टोरंटोत जाऊन विद्यापीठाच्या संघाला ८-३ आणि ३-२ असं नमवून त्यांनी अ‍ॅलन कप पटकावला. हौशी हॉकीत कॅनडात त्याहून मोठा मान नव्हता. ऑलिम्पिकचं तिकीट त्यातूनच मिळालं. घरी जायलाही वेळ नव्हता. तिथूनच ते बंदराकडे निघाले.

[अँटवर्पची रिंक]

तेव्हा एका बाजूला सात खेळाडू असत. फाल्कन्सकडे होते आठ, म्हणजे राखीव फक्त एक.

चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध १५-०. खरी कसोटी होती अमेरिकेची. बराच वेळ गोलफलक कोराच राहिला. मग फ्रेड्रिक्सनने एक गोल केला, कॉनराड योहानेसनने दुसरा, आणि गोलरक्षक वॉली बायरनने शेवटपर्यंत पकला, म्हणजे खेळातल्या रबरी चकतीला, जाळ्यात शिरू दिलं नाही. २-०. स्वीडनविरुद्ध १२-१, आणि सुवर्णपदक.

[स्वागताची मिरवणूक]

मे महिन्यात संघ परतला, तेव्हा पोरांचं स्वागत करायला विनिपेग रस्त्यावर उतरलं होतं.