चौकातली इमारत पिळते तेव्हा

ही बघा, बेळगावात कुठल्याही चौकात दिसेल अशी इमारत. एल आकार, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शटरचे गाळे, मागच्या दोन बाजूंना नऊ इंची भिंती, वर तीन मजले. भूकंपात हिचं किती नुकसान होईल, ते आकड्यांतच काढूया.

आयएस 1893, म्हणजे भूकंपाला टिकणाऱ्या बांधकामाचं भारतीय मानक. त्याच्या 2016 च्या आवृत्तीप्रमाणे बेळगाव झोन तीनमध्ये, झेड (भागातल्या भूकंपाच्या जोराचा आकडा) 0.16. आधी आकार. बाजू 15 मीटर, बाहेर आलेला भाग 6 मीटर, म्हणजे 40 टक्के. 15 टक्क्यांच्या वर गेलं की अनियमित. दोन्ही बाहू वेगवेगळे हलतात आणि आतल्या कोपऱ्यात स्लॅबवर ताण येतो.

पण खरी गंमत पिळण्यात आहे. मागं भिंती, पुढं नुसते कॉलम. त्यामुळं ताठपणाचं केंद्र मागं सरकतं, वजनाचं तिथंच राहतं. इमारत मागच्या कोपऱ्याभोवती वळते.

समजा, तळमजला 3 मीटर उंच. संगणकावरच्या मॉडेलमध्ये भूकंपाच्या बलानं मागचा कोपरा 8 मिलिमीटर सरकला, चौकाकडचा 14. सरासरी 11. मर्यादा उंचीच्या 0.004 पट, म्हणजे 12. इथंच 'पास' लिहून फाईल मिटते! अहो, सरासरीला कोण उभं आहे? उभा आहे तो कोपऱ्यावरचा कॉलम, आणि तो नापास. शिवाय 14 भागिले 8 म्हणजे 1.75, 1.5 ओलांडलं की पीळ धरायचाच.

बऱ्याच मॉडेलांत हा पीळ दिसतच नाही, कारण भिंती फक्त वजन म्हणून टाकलेल्या असतात. त्या तिरप्या टेकूंसारख्या धरा. आणि तडकलेलं काँक्रीट धरून कॉलमचा ताठपणा 0.7 पट, बीमचा 0.35 पट घ्या. पूर्ण घेतलात तर सरकणं कमीच दिसणार.

हे 14 सुद्धा कमी केलेल्या बलाचे. बल ज्यानं भागून कमी करतात तो आकडा आर; साध्या फ्रेमला तो 3, म्हणजे मानकानं धरलेल्या हादऱ्यात ढोबळमानानं 42 मिलिमीटर. त्याच्या कितीतरी आधी भिंतींना फुलीसारख्या भेगा जातात, मग कॉलमच्या डोक्या-पायाशी कव्हर, म्हणजे सळ्यांवरचं काँक्रीट, सुटतं.

जागेवर गेलात की कॉलमची दिशा बघा. शटर रुंद मिळावं म्हणून 230 बाय 450 चे कॉलम भिंतीत आडवे लपवलेले असतात. एका दिशेला ते दुसरीपेक्षा जवळजवळ चौपट ताठ. सगळे एकाच बाजूला वळलेले असले तर दुसरी दिशा उघडीच.

मग कोपऱ्यावरच्या कॉलमचं थोडं कव्हर उघडा. उभ्या सळ्यांना वेढणाऱ्या रिंगचा हूक 135 अंशांत आत वळलेला नसून 90 अंशांतच दुमडलेला असेल, तर कव्हर सुटल्यावर रिंग उघडते आणि सळ्या बाहेर फुगतात. अशा कॉलमला आर 3 सुद्धा देऊ नका.