स्क्रू सैल, कार्ड गायब

श्रोतेहो, नमस्कार. आज इम्प्लांटबद्दल बोलू. पडलेल्या किंवा काढलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून वर दात लावतात ना, तेच. बेळगाव, निपाणी, चिकोडीत आता गल्लीत एखाद्याच्या तोंडात तो असतोच. बसवायच्या आधी सगळे विचारतात, खर्च किती? बसवल्यावर पुढं काय, हे कुणीच विचारत नाही.

यात भाग तीन. हाडातला टायटॅनियमचा स्क्रू, त्यावरचा खुंट आणि खुंटावरची कॅप. हाडानं स्क्रूला पक्कं धरायला बहुधा तीन ते सहा महिने लागतात. स्वीडनच्या डॉक्टर ब्रोनेमार्क यांनी 1965 साली पहिल्या माणसाला असे दात बसवले, आणि 2006 मध्ये तो गृहस्थ वारला तोवर ते इम्प्लांट टिकले होते. म्हणजे चाळीस वर्षांवर. टिकतात, पण निगा ठेवली तर.

आता आमच्या शहापुरातल्या तात्यांची गोष्ट सांगतो. तात्यांचं आयुष्य निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत गेलं. निवृत्तीनंतर पुण्याला लेकीकडे राहून खालची उजवी दाढ इम्प्लांटनं बसवून घेतली. दोन-तीन वर्षं मजेत गेली. मग एकदा गोकाकहून पाहुणे आले, हातात करदंटाचा डबा. कुंदा चांगला की करदंट चांगला, हा वाद मी आज काढत नाही. माझं मत कुंद्याच्या बाजूनं आहे, आणि त्याला दात लागत नाहीत एवढंच म्हणतो. पण तात्या पडले करदंटाचे. डिंक, गूळ, सुका मेवा, घट्ट वडी. चावली आणि दाढ हलल्यासारखी वाटली. दुखलं काहीच नाही, नुसती जिभेनं डुगडुगायला लागली.

तात्यांनी हायच खाल्ली. "गेले की पैसे पाण्यात!" जेवण बंद, नुसती आंबील. पुतण्या म्हणाला, "तात्या, चपलेला लावतो तो गोंद आहे माझ्याकडे, दोन थेंब टाकतो." काकूंनी ती नळी हिसकावून खिडकीबाहेर फेकली. चांगलं केलं. असला गोंद तोंडात घालायचा नसतो. परत सांगतो, घालायचा नसतो.

गेले दंतवैद्याकडे. त्यांनी एक्स-रे काढला आणि म्हणाले, "घाबरू नका तात्या, हाडातलं इम्प्लांट घट्ट आहे. कॅप धरून ठेवणारा आतला छोटा स्क्रू सैल झालाय. आवळायचा, नाहीतर बदलायचा." तात्यांच्या जिवात जीव आला. पण डॉक्टरांनी पुढं विचारलं, "कुठल्या कंपनीचं आहे?"

"पुण्याचं."

"पुण्याचं खरं, पण कंपनी कुठली?"

"टायटॅनियम."

आता यात गंमत अशी, की कंपनीगणिक या स्क्रूचा माप-आकार वेगळा. एकाचा ड्रायव्हर दुसऱ्याला बसेलच असं नाही. जबरदस्ती केली तर स्क्रूचं डोकं झिजतं, मग आवळताही येत नाही आणि काढताही येत नाही. एक्स-रेवरून अंदाज बांधता येतो, पण तो अंदाजच. डॉक्टर म्हणाले, "कार्ड आणा." तात्या म्हणाले, "रेशनचं?"

लेकीला फोन झाला. तो दवाखाना जागा बदलून गेलेला, जुना नंबर लागेना. घरात फायली उपसल्या, वीजबिलं निघाली, पेन्शनचे कागद निघाले, कार्ड काही निघेना. शेवटी काकूंना आठवलं. कार्ड असं दिलंच नव्हतं, नुसता एक स्टिकर दिला होता, आणि त्यांनी तो कॅलेंडरच्या मागं चिकटवला होता. दूध, गॅस, हप्ता, सगळं काकू तिथंच टिपतात. पण ते कॅलेंडर दोन वर्षांपूर्वीचं! आपल्या घरांत जुनं कॅलेंडर कुठं जातं, तुम्हाला ठाऊक आहे. फडताळात, डब्यांखाली. संकेश्वरी मिरचीच्या तिखटाचा डबा उचलला तर खाली पान, आणि पानावर स्टिकर. कडा लालभडक, पण अक्षरं शाबूत. कंपनीचं नाव, जाडी 4.2, लांबी 10 मिलिमीटर, खाली लॉट नंबर.

ते अख्खं पान घेऊन तात्या गेले. डॉक्टरांनी डोळ्यांजवळ धरून वाचलं आणि आधी चार शिंका दिल्या. मग ड्रायव्हर मागवला, नवा स्क्रू घातला आणि मोजून जोर देणाऱ्या पान्यानं आवळला. टक् झालं, काम संपलं.

मोबाईलमध्ये फोटो ठेवा, असं पोरं सांगतात. मोबाईल बदलला की ते फोटो कुठं जातात देव जाणे. मी कागदाच्या बाजूचा आहे. इम्प्लांट बसवलं त्याच दिवशी कार्ड मागून घ्या. कंपनी, माप, लॉट नंबर, तारीख. दिलं नाही तर मागा, तो तुमचा हक्क आहे.

दुसरी गोष्ट हिरडीची. टायटॅनियम किडत नाही, पण भोवतीची हिरडी आणि हाड खराब होतं. आपल्या दाताला जशी जाणीव असते तशी इम्प्लांटला नसते, म्हणून सुरुवातीला दुखत नाही. ब्रश करताना रक्त, हिरडीला सूज, दाबल्यावर पू, तोंडाला वास, यातलं एक दिसलं तरी दाखवा. दुखायची वाट बघू नका. दुखायची वाट बघूच नका! दातांच्या फटीत घालायचा छोटा ब्रश मिळतो, तो रोज फिरवा. रक्तातली साखर ताब्यात ठेवा. रात्री दात खात असाल तर डॉक्टरांकडून झोपताना दातांवर घालायचं गार्ड करून घ्या. आणि मिश्री? तंबाखूनं निपाणीत घरं उभी केली, हे मी नाकारत नाही. पण ती वखारीत असावी, हिरडीला लागू नये. तात्यांनी जन्मभर तिच्यात काम केलं, चिमूटही तोंडात टाकली नाही.

कॅप हलते की हाडातला स्क्रूच हलतोय, हे घरी बसून कळत नाही. कॅप असेल तर काम सोपं. हाडातलाच हलत असेल तर बहुतेक वेळा तो काढावा लागतो आणि हाड भरल्यावर नवा बसवता येतो का, ते डॉक्टर बघतात. कॅप निघून हातात आली तर धुऊन छोट्या डबीत ठेवा, टाकू नका. सैल कॅप तोंडात ठेवून झोपू नका, घशात जाईल. त्या बाजूनं चावू नका. दवाखान्यात फोन करून कंपनीचं नाव आधीच सांगा, म्हणजे ड्रायव्हर मागवून ठेवतील. खानापूर-अथणीहून येणाऱ्यांची तेवढी एक खेप वाचेल. नमस्कार.