घमेलं उचलणारे पाठीराखे

[पडद्यावर: झाडीतली पायवाट. लाल-पांढरे मफलर घातलेली माणसं रमतगमत चालली आहेत.]

बर्लिनच्या आग्नेय टोकाला क्योपेनिक नावाचा भाग आहे. सामन्याच्या दिवशी लोकल गाडीतून उतरलेली गर्दी इथं झाडीच्या कडेनं चालत मैदानाकडे निघते. मैदानाचं नाव आन डेर आल्टेन फ्योर्स्टरै, म्हणजे जुन्या वनरक्षक चौकीजवळचं मैदान. १९२० पासून इथं फुटबॉल खेळला जातो. आज इथं २२,०१२ प्रेक्षक मावतात आणि त्यातल्या खुर्च्या आहेत फक्त ३,६१७. बाकीचे सगळे उभे. ऊन असो, हिमवर्षाव असो, पूर्ण सामना उभ्यानं.

हे युनियन बर्लिन या फुटबॉल क्लबचं घर.

सामना सुरू होण्याआधी निवेदक एकेका खेळाडूचं नाव घेतो, आणि प्रत्येक नावामागे सगळ्या गॅलऱ्या एका दमात ओरडतात, ‘फुसबॉलगॉट!’ फुटबॉलचा देव. गेल्या सामन्यात तीन गोल केलेला असो, नाहीतर काल-परवा संघात आलेला पोरगा, मान सगळ्यांना सारखाच. कुठं लिहून ठेवलेले नाहीत, पण नियम इथं आणखीही आहेत. आपल्या संघाची हुर्यो उडवायची नाही. शेवटची शिट्टी होईपर्यंत गॅलरी सोडायची नाही. चार गोलांनी हरत असलो तरी नाही.

एका कोपऱ्यात जुना धावफलक आहे, हातानं चालवायचा. गोल झाला की आतला माणूस आकड्याची पाटी काढतो आणि दुसरी लावतो. बुंडेसलिगासारख्या, म्हणजे जर्मनीतल्या अव्वल श्रेणीच्या, श्रीमंत स्पर्धेत खेळणाऱ्या क्लबनं हा धावफलक अजून टाकून दिलेला नाही. पाहुण्यांना त्याचं नवल वाटतं. इथल्या माणसांना त्यात काही विशेष वाटत नाही, कारण या मैदानावरच्या बऱ्याच गोष्टींना कुणाचा ना कुणाचा हात लागलेला आहे.

[पडद्यावर: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. कारखान्यांची धुराडी, कामगारांची पाळी सुटते आहे.]

या क्लबची मुळं ओबरश्योनेवायडे या कारखान्यांच्या वस्तीत आहेत. धातुकाम करणाऱ्या कामगारांचा हा संघ. ‘आयझर्न युनियन’, पोलादी युनियन, ही आरोळी तिथूनच आली. आजचं नाव आणि आजची घडी १९६६ सालची, पूर्व जर्मनीच्या काळातली. शहरातला दुसरा संघ होता बीएफसी डायनॅमो. त्याच्या पाठीशी गुप्त पोलिसांचा प्रमुख एरिख मिल्के होता, आणि त्या संघानं १९७९ ते १९८८ अशी सलग दहा वर्षं विजेतेपद मिळवलं. युनियनच्या वाट्याला मोठं यश आलं ते एकदाच, १९६८ च्या चषकाचं. तरी माणसं येत राहिली.

भिंत पडली, देश एक झाला, आणि क्लबवर पैशाची चणचण ओढवली. नव्वदच्या दशकात वरच्या श्रेणीत खेळण्याचा परवाना नाकारला गेला, तोही एकदा नव्हे, दोनदा. २००१ मध्ये हाच संघ जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, आणि तीनच वर्षांत पुन्हा खाली घसरला. २००४ मध्ये परवाना टिकवण्यासाठी १४ लाख ६० हजार युरोंची तजवीज करणं भाग होतं. तिजोरीत खडखडाट.

मग पाठीराख्यांनी मोहीम काढली: ‘युनियनसाठी रक्त’. हे शब्दशः घ्यायचं. बर्लिनमध्ये रक्त दिल्यावर दात्याला थोडे पैसे मिळत. लोकांनी रक्त दिलं आणि ते पैसे क्लबला दिले. जोडीला टी-शर्ट विकले, देणग्या जमवल्या. परवाना वाचला. पुढच्याच वर्षी संघ चौथ्या श्रेणीत जाऊन पडला, हेही सांगायला हवं. पाठीराख्यांच्या त्यागाला मैदानावर लगेच फळ येतंच असं नाही.

त्याच्या थोडं आधी, २००३ च्या नाताळात, आणखी एक गोष्ट घडली होती. हंगाम वाईट चालला होता. २३ डिसेंबरच्या संध्याकाळी ८९ पाठीराखे परवानगीची वाट न बघता रिकाम्या स्टेडियममध्ये शिरले आणि मैदानाच्या मध्यरेषेजवळ उभं राहून नाताळची गाणी म्हणू लागले. कार्यक्रम ठरलेला नव्हता, पाहुणे नव्हते, फलकही नव्हता. पुढच्या वर्षी जास्त माणसं आली, त्याच्या पुढच्या वर्षी त्याहून जास्त. काही वर्षांनी ही संख्या २८,५०० वर गेली. सामन्याला मावतात त्याहून जास्त, कारण त्या रात्री खुद्द मैदानावरही माणसं उभी असतात. लहान पोरं बापाच्या खांद्यावर, हातात मेणबत्त्या, आणि शाळेचा गायनवृंद.

[पडद्यावर: तडे गेलेल्या काँक्रीटच्या पायऱ्या. मग लाल हेल्मेट घातलेली माणसं, हातात फावडी.]

आता २००८. मैदान मोडकळीला आलं होतं. उभ्या गॅलरीच्या पायऱ्या ढासळत होत्या, आणि सामने चालू होते ते विशेष परवानगीच्या भरवशावर. दुरुस्तीला सरकारी पैसा मिळण्याची चिन्हं नव्हती, आणि क्लबजवळ तेवढा पैसा नव्हता. अध्यक्ष होते डिर्क झिंगलर, स्वतः लहानपणापासूनचे पाठीराखे. क्लबनं लोकांना सांगितलं की साहित्य आणू, जाणकार आणू, हात तुम्ही द्या.

हात आले. दोन हजारांहून जास्त माणसं श्रमदानाला आली. त्यांत गवंडी होते, वेल्डर होते, आणि आयुष्यात कधी घमेलं न उचललेले कारकून आणि विद्यार्थीही होते. ज्याला कसब होतं त्यानं सळया बांधल्या, सांगाडा जोडला. ज्याला नव्हतं त्यानं जुनं काँक्रीट फोडून हातगाडीत भरलं, माती ओढली, गंज खरवडला, रंग दिला. संघ त्या हंगामात शहरातल्या दुसऱ्या मैदानावर खेळत होता आणि तिसऱ्या श्रेणीचं विजेतेपदही त्यानं त्याच वर्षी मिळवलं. इकडे बर्लिनच्या हिवाळ्यात काम सुरूच होतं.

वर्षभरात सुमारे १ लाख ४० हजार तास काम झालं. दोन-सव्वादोन हजार माणसांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला साठेक तास येतात, म्हणजे आठवड्याभराची रजा आणि वर दोन-तीन शनिवार. अर्थात वाटणी अशी सारखी कधीच नसते. कुणी एक दिवस येऊन गेला, कुणी रोज येत राहिला. ८ जुलै २००९ ला शहरातल्याच हेर्था क्लबविरुद्धच्या सामन्यानं मैदान पुन्हा उघडलं. युनियन ३-५ असं हरलं. बांधणाऱ्यांची आठवण म्हणून मैदानाबाहेर स्मारक उभं आहे. वर लाल हेल्मेट, खाली राबलेल्यांची नावं.

या क्लबच्या गॅलरीत आवाज का आहे, याचं माझ्या मते सगळ्यात खरं उत्तर इथं आहे. तिसऱ्या पायरीवर उभा असलेला माणूस शेजाऱ्याला सांगू शकतो की ही पायरी मी ओतली. त्याला घोषणा द्यायला कुणी शिकवावं लागत नाही, आणि संघ हरला म्हणून तो घरी बसत नाही.

पुढे २०११ मध्ये क्लबनं स्टेडियमचे समभाग काढले, एकेक ५०० युरोंचा. ते सभासदांसाठी होते, आणि एकानं किती घ्यायचे यावर मर्यादा होती, म्हणजे कुणी धनिक येऊन सगळं बळकावणार नाही. चार हजारांहून जास्त सभासदांनी ते घेतले. जर्मनीत एक नियम आहे, ५०+१. मोजके अपवाद सोडले तर क्लबमधली बहुमताची मतं सभासदांकडेच राहायला हवीत. या नियमामुळे तिथल्या पाठीराख्याला वार्षिक सभेत हात वर करता येतो, अध्यक्षाला प्रश्न विचारता येतो. २०१४ च्या विश्वचषकाच्या वेळी युनियननं लोकांना घरचे सोफे मैदानावर आणून मोठ्या पडद्यावर सामने बघायला सांगितलं. ७५० सोफे आले. आपल्याच दिवाणखान्यात सोफा नेताना कुणाला संकोच वाटणार?

[पडद्यावर: अंधेरीचं मुंबई फुटबॉल अरीना. पाऊस.]

आपल्याकडचा एक प्रसंग इथं आठवल्याशिवाय राहत नाही. १ जून २०१८. अंधेरीत भारताचा सामना चायनीज तैपेईशी. भारत ५-० नं जिंकला, सुनील छेत्रीनं तीन गोल केले, आणि बघायला होते २,५६९ प्रेक्षक. एवढ्या मोठ्या मुंबईत. दुसऱ्या दिवशी छेत्रीनं एक व्हिडिओ टाकला. आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या, असं त्यानं हात जोडून सांगितलं. ४ जूनला केनियाविरुद्ध, त्याच्या शंभराव्या सामन्याला, भर पावसात स्टेडियम गच्च भरलं. भारत ३-० नं जिंकला.

ते आवाहन मनापासूनचं होतं आणि लोकांनीही त्याचा मान राखला. पण आलेल्या त्या हजारो माणसांच्या हाती तिकिटाशिवाय काय दिलं गेलं? नाव नोंदवून घेतलं का, पुढच्या सामन्याला बॅनर रंगवायला या असं कुणी म्हटलं का? मुंबई सिटी क्लबच्या ‘वेस्ट कोस्ट ब्रिगेड’सारखे पाठीराख्यांचे गट हेच काम स्वतःच्या खिशातून आणि स्वतःच्या सुट्टीत करतात, आणि तेवढ्याच भागात आवाज टिकतो. क्लबांनी त्यांच्याकडे गिऱ्हाईक म्हणून बघणं थांबवायला हवं, असं मला कळकळीनं वाटतं.

कोल्हापूरला हे शिकवावं लागत नाही. शाहू स्टेडियमवर उतरणारे संघ तालमींचे आहेत: पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. पेठेत वाढलेल्या पोराला संघ निवडावा लागत नाही, तालीम घराच्या चार पावलांवर असते. इतकी माया जिथं आहे तिथं हुल्लडबाजीही झाली आहे, दगड आले आहेत, आणि त्याची झळ खेळालाच बसली आहे. क्योपेनिकही धुतल्या तांदळासारखं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गॅलरीतून आलेला लायटर बोखुम संघाच्या गोलरक्षकाला लागला, आणि १-१ सुटलेला सामना नंतर बोखुमच्या नावे २-० असा लिहिला गेला. एका माणसाच्या हातानं हजारोंचं काम मातीत जातं.

[पडद्यावर: गॅलरीभर उंचावलेली माणसांची छायाचित्रं.]

२०१९ मध्ये युनियन पहिल्यांदा बुंडेसलिगात पोहोचलं. १८ ऑगस्टला लाइपझिगविरुद्ध घरचा पहिला सामना. सुरुवातीआधी गॅलरीत शेकडो छायाचित्रं उंचावली गेली. हा दिवस बघायला जे उरले नव्हते त्या पाठीराख्यांची. मुलांनी बापाचा फोटो धरला होता, मित्रांनी मित्राचा. त्यावर लिहिलं होतं, ‘अखेर आलो’. सामना ०-४ गेला. तेराच दिवसांनी त्याच मैदानावर डॉर्टमुंडला ३-१ हरवलं. चार वर्षांत संघ चॅम्पियन्स लीगमध्ये, युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत, होता.

आता अडचण उलटी आहे. सभासद इतके वाढले की मैदानात जागा नाही. चॅम्पियन्स लीगचे घरचे सामने क्लबनं मोठ्या ऑलिंपिक स्टेडियमवर नेले, जास्त सभासदांना बघता यावं म्हणून. जुन्या मैदानाची क्षमता सुमारे ४० हजारांपर्यंत नेण्याची योजना २०२४ मध्ये जाहीर झाली. हे काम ठेकेदारच करतील, कारण एवढा पसारा श्रमदानानं पेलणारा नाही. मग नव्यानं आलेल्या वीस वर्षांच्या पोरानं काय करायचं? त्यानं ना रक्त दिलंय, ना काँक्रीट ओतलंय.

त्याच्यासाठी एक काम तरी समोर आहे. २०२५ मध्ये युनियनचा महिला संघही बुंडेसलिगात आला. त्या मुली याच मैदानावर खेळतात, त्यांच्या सामन्याला जागा मिळते, आणि तिथंही निवेदकानं नाव घेतलं की कुणीतरी मोठ्यानं उत्तर द्यायचं असतं.