लॉट नाही, स्लॉट

(न्यू जर्सीतल्या एका मराठी मंडळात, अकरावी-बारावीतल्या मुलांच्या पालकांसमोर दिलेलं व्याख्यान. थोडी काटछाट करून.)

नमस्कार मंडळी. चहा येतोय, तोवर सुरुवात करते.

मी मूळची पुण्याची. कॉलेजात दोन वर्षं पुरुषोत्तम, म्हणजे कॉलेजांची ती एकांकिका स्पर्धा, केली. इथे बसलेल्यांपैकी आणखी कोणीकोणी केली असणार, चेहऱ्यांवरून कळतंय. तेव्हा भरत नाट्य मंदिरात आपली एकांकिका कोणत्या दिवशी हे आपल्या हातात नसायचं. लॉट निघायचे. चिठ्ठीत पहिल्या दिवसाचा पहिला प्रयोग आला की सगळा ग्रुप कपाळाला हात लावायचा. उशिराची तारीख आली की तालमीला दिवस मिळाले म्हणून भेळपार्टी. पण एकदा तारीख लागली की लागली. रागवायचं ते नशिबावर.

माझी मुलगी इथे म्युझिकल थिएटरसाठी अर्ज करायला निघाली तेव्हा माझ्या डोक्यात हेच चित्र होतं. अर्ज भरायचा, व्हिडिओ पाठवायचे, मग ऑडिशनला केव्हा यायचं ते कॉलेजवाले कळवतील. तिथेच फसगत झाली. ते तारीख कळवत नाहीत, लिंक पाठवतात. तारीख तुम्ही उचलायची, आणि तुमच्यासारखी बाकीची मुलंही त्याच घटकेला उचलत असतात. लॉट नाही, स्लॉट. तासभर मी एवढंच सांगणार आहे, बाकी सगळा तपशील.

कॉमन ॲप, म्हणजे अनेक कॉलेजांसाठी एकच ऑनलाइन अर्ज, १ ऑगस्टला उघडतं आणि कुठे जायचं ते साधारण १ मेपर्यंत सांगायचं असतं. ही दोन टोकं सगळ्या मुलांना सारखी. फरक मधे आहे. कॉम्प्युटर सायन्सवाल्या मुलाने जानेवारीच्या सुरुवातीला अर्ज पाठवला की त्याचे आईबाबा मार्चपर्यंत मोकळे. आपला खेळ तेव्हा कुठे सुरू होतो. त्याआधी प्रीस्क्रीन नावाची चाळणी असते. घरून व्हिडिओ पाठवायचे: दोन वेगळ्या ढंगांची गाणी, एक-दोन स्वगतं, थोडा नाच. प्रत्येक तुकडा मिनिट-दीड मिनिटाचा. शिवाय वाइल्ड कार्ड म्हणून एक व्हिडिओ असतो, त्यात काहीही करा. आमच्या बाईसाहेबांनी पुरणपोळी लाटता लाटता आजीची नक्कल केली. पोळी फुटली, पुरण बाहेर आलं, तोच टेक पाठवला.

हे व्हिडिओ पुष्कळ ठिकाणी ॲक्सेप्टेड नावाच्या वेगळ्या पोर्टलवर चढवावे लागतात. कॉमन ॲपचा अर्ज पोचला म्हणजे हेही पोचलं असं समजू नका. दारं दोन, फिया दोन, मुदतीही दोन. अर्जाची मुदत जानेवारीत आणि व्हिडिओंची नोव्हेंबरात, असंही सापडेल. आपण वहीत जानेवारी लिहून निर्धास्त राहतो आणि चाळणीचं दार केव्हाच बंद झालेलं असतं. कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं, यूसीएलए वगैरे, कॉमन ॲपमध्ये नाहीतच. त्यांचा अर्ज स्वतंत्र. म्हणून व्हिडिओ ऑगस्टमध्येच करून टाका. सप्टेंबरात शाळा सुरू झाली की निम्म्या वर्गाला सर्दी असते.

आता डिसेंबर. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हा महिना आपल्या लोकांना वेगळा नडतो.

चाळणीचे निकाल साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात येतात आणि त्यांच्यासोबत स्लॉट निवडायची लिंक येते. नेमकी तेव्हा आपली विमानं भारताच्या वाटेवर असतात. मुलांना सुट्टी, तिकडे लग्नसराई, हवा बरी. आम्हीही गेलो होतो. भाच्याचं लग्न होतं, तिकिटं आठ महिने आधी काढलेली. हिवाळ्यात न्यू यॉर्क आणि पुणे यांच्या घड्याळांत साडेदहा तासांचं अंतर. एका कॉलेजचा मेल इथून दुपारी चारला निघाला, तेव्हा पुण्यात पहाटेचे अडीच वाजले होते. मुलगी दोन्ही हातांना मेंदी लावून, कोपरापासून हात उशीवर ठेवून झोपली होती. सकाळी मेंदी खरवडून तिने फोन उघडला तेव्हा साडेनऊ. म्हणजे सात तास गेले. कॉलेजं कॅम्पसबाहेर मोठ्या शहरांतही ऑडिशन घेतात; त्यांतले न्यू यॉर्कचे शनिवार-रविवार संपलेले. शिकागोचे सकाळचे दोन स्लॉट शिल्लक होते, आणि कॅम्पसवरचा फेब्रुवारीतला एक शुक्रवार. त्याच शुक्रवारी शाळेच्या नाटकाचा प्रयोग, आणि ही त्यात मुख्य भूमिकेत.

आमच्या घरापासून मेट्रोपार्क स्टेशन दहा मिनिटांवर. तिथून गाडीत बसलं की पाऊण-एक तासात न्यू यॉर्कचं पेन स्टेशन. ते सोडून आम्ही शिकागोची विमानाची तिकिटं काढली, तीही मांडवात बसून. मंगलाष्टकं चाललेली, आणि दादा स्टेजवरून मला खुणा करतोय, "अगं, अक्षता टाक!" माझ्या एका हातात अक्षता, दुसऱ्या हातात क्रेडिट कार्ड.

यात कॉलेजची काही चूक नाही. मेलमध्ये सगळं स्वच्छ लिहिलं होतं. आमचीच तयारी नव्हती. कुठलं कॉलेज कोणत्या शहरात, कोणत्या तारखांना ऑडिशन घेणार, हे बहुतेकांच्या वेबसाइटवर शरद ऋतूतच लागलेलं असतं. ते बघून आधीच एक तक्ता करून ठेवायला हवा होता. प्रत्येक कॉलेजसाठी पहिली पसंती, दुसरी पसंती, आणि हा दिवस अजिबात नको. लिंक आली की फक्त बोट लावायचं. आम्ही मात्र लिंक आल्यावर विचाराला बसलो, तोही तीन खोल्यांत वीस पाहुणे झोपलेले असताना.

आणखी एक. मेल मुलांच्या पत्त्यावर येतो, आणि ही मुलं मेल बघत नाहीत. त्यांच्या लेखी ईमेल म्हणजे आपल्या लेखी पोस्टकार्ड. अर्जांसाठी वेगळा पत्ता उघडा, त्याची सूचना तुमच्याही फोनवर येईल असं करा, आणि मुलांना तसं सांगूनच करा. चोरून केलंत तर दुसऱ्याच दिवशी पासवर्ड बदललेला असेल.

आता युनिफाइड्स. नावाने सगळ्यांचा घोळ होतो. मलाही आधी वाटलं होतं की आपल्या सीईटीसारखं एकदा गायचं आणि सगळ्यांनी ऐकायचं. तसं नाही. जानेवारीपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत बरीच कॉलेजं आपापले परीक्षक घेऊन न्यू यॉर्क, शिकागो आणि लॉस एंजेलिसला येतात आणि हॉटेलात किंवा तालमीच्या स्टुडिओत खोल्या घेऊन बसतात. एकत्र असतो तो पत्ता. ऑडिशन प्रत्येकाचं वेगळं, स्लॉट वेगळा, दार वेगळं. फायदा इतकाच की एका फेरीत चार-सहा कॉलेजं उरकतात. काही कॉलेजं ऐनवेळी येणाऱ्यांनाही घेतात. सकाळी टेबलावर कागद असतो, त्यावर नाव टाकायचं. चाळणीत गळलेल्या मुलांना कधीकधी तिथून वाट मिळते, म्हणून दिवस शेवटच्या मिनिटापर्यंत भरू नका.

शिकागोत ही जत्रा बरीच वर्षं पामर हाऊस या जुन्या, भव्य हॉटेलात भरत आली. तिथली एक सकाळ सांगते. नऊला एका कॉलेजचा डान्स कॉल, म्हणजे वीस-पंचवीस जणांना एकत्र नाच शिकवतात आणि लगेच करून घेतात. दहा चाळीसला त्याच कॉलेजसमोर गाणं आणि स्वगत. बाराला दुसरं कॉलेज, चार मजले वर. कागदावर ऐसपैस दिसतं. मीच आखलं होतं, एक्सेल शीटमध्ये, रंग भरून. प्रत्यक्षात पहिलं कॉलेज पस्तीस मिनिटं उशिरा चालू होतं. डान्स कॉलनंतर घाम, शूज बदलायचे, केस पुन्हा बांधायचे. लिफ्टसमोर सगळी मुलं रांगेत, प्रत्येकाच्या काखेत गाण्याची फाइल, आणि निम्मी तोंड मिटून गुणगुणत गळा तापवतायत. तो आवाज अजून कानात आहे. देवळाच्या सभामंडपात लोक पुटपुटत जप करतात ना, तसा. आम्ही वरच्या मजल्यावर पोचलो तेव्हा बारा वाजून अकरा मिनिटं.

मी पुढे होऊन समजावून सांगायला लागले. दारावर बसलेली मुलगी त्याच कॉलेजची विद्यार्थिनी होती, विशीतली. तिने माझं ऐकून घेतलं, मग माझ्या खांद्यावरून माझ्या मुलीकडे बघून विचारलं, "काय झालं?" मुलीने दोन वाक्यांत सांगितलं. तिने यादीत एक नाव वर घेतलं, हिचं खाली सरकवलं. मिटलं. मी तिथे कार्पेटकडे बघत उभी.

तारीख बदलायची असेल तेव्हाही हेच. मेल मुलानेच लिहायचा. चार ओळी: कोणती वेळ मिळाली होती, काय अडचण आहे, कोणत्या दोन दिवशी येऊ शकतो, आभार. बर्फाने विमान रद्द झालं तर विमानतळावरूनच लिहायचा. ऑफिसातली माणसं हिवाळा ओळखून असतात. आईचा तीन परिच्छेदांचा मेल गेला की त्यांना वाटतं, मुलाला खरंच यायचंय की आईला?

शिकागोचं घड्याळ आपल्यापेक्षा एक तास मागे आहे, हेही लिहून ठेवा. आम्ही इथे बसून सव्वा एकची वेळ फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकली, आणि ओहेअरला उतरल्यावर फोनने ती आपोआप सव्वा बारा करून टाकली. आम्ही तासभर आधी पोचलो म्हणून निभावलं. वेळ कागदावर लिहा, शेजारी शहर लिहा.

दिवसाला किती ऑडिशन घ्यायची? गाणाऱ्या मुलांना दोन, फार तर तीन, असं माझं मत. चार करणारी मुलं पाहिली मी. चौथ्याला आवाजाची वरची पट्टी गेलेली असते. हॉटेलातल्या हीटिंगने हवा इतकी कोरडी होते की रात्रीत घशाचा पापड होतो. आम्ही खोलीत वाफेचं यंत्र लावत होतो, आणि हिच्या गालात ज्येष्ठमधाची काडी. परीक्षकांपुढे जाताना काडी काढायची आठवण करून देणं हे माझं अधिकृत काम होतं. क्रमाचं म्हणाल तर, स्वप्नातलं कॉलेज पहिलं नको आणि शेवटचंही नको. पहिल्याला पाय थरथरतात, शेवटच्याला गळा बसतो. जिथे मिळालं तर आनंदच आहे पण जीव टांगणीला नाही, असं एखादं सुरुवातीला ठेवा.

वाद्यवाल्यांचं गणित आणखी कठीण. त्यांची कॉन्झर्व्हेटरी, म्हणजे संगीताचं कॉलेज, बहुधा स्वतःच्याच अंगणात बोलावते: ईस्टमन रॉचेस्टरला, न्यू इंग्लंड बॉस्टनला, पीबडी बाल्टिमोरला, कर्टिस फिलाडेल्फियाला. कर्टिसमध्ये १९२८पासून कोणाकडूनच शिकवणीची फी घेत नाहीत, त्यामुळे तिथे गर्दी किती असेल याचा अंदाज करा. ज्युलियर्डच्या संगीत विभागाचा अर्ज १ डिसेंबरपर्यंत जायला लागतो आणि ऑडिशन मार्चमध्ये. चेलो घेऊन विमानात जायचं तर चेलोचंही तिकीट काढावं लागतं, खिडकीची जागा त्याची. आता मोजा. जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत शनिवार-रविवार येतात सात-आठ. कॉमन ॲप २० कॉलेजांना अर्ज करू देतं, पण शनिवार-रविवार २० नाहीत. म्हणून कॉलेजांची यादी करताना शेजारी कॅलेंडर उघडं ठेवा. एकाच तारखेवर तीन बसत असतील तर दोन आत्ताच खोडा. फी वाचेल, आणि डिसेंबरातली रडारड वाचेल.

कोविडपासून बरीच कॉलेजं ऑनलाइन ऑडिशनही घेतात. दूरच्या दोघातिघांना त्यात टाका आणि प्रवासाचे दिवस जवळच्यांना द्या. कॅम्पसवर गेलात तर मुलगा चार तास तिथल्या मुलांमध्ये वावरतो, आणि कधीकधी गाडीत परत बसताना स्वतःच म्हणतो, "इथे नको." तेवढ्यासाठीही जाणं परवडतं. आणि यादीत दोन-तीन कॉलेजं अशी ठेवाच जिथे नाटकाच्या बीएला ऑडिशनच लागत नाही. तिथली मुलंही स्टेजवर असतातच.

मागे हात वर दिसतोय. बोला. नणंदेच्या मुलीचं लग्न? कुठे, नाशिकला? १३ डिसेंबर. आणि मुलाचे सहा ठिकाणचे निकाल बाकी.

जा हो, नक्की जा. तक्ता भरून न्या. सिमकार्ड उतरल्या उतरल्या घ्या, कार्यालयाच्या वायफायवर विसंबू नका. आणि पहाटे दोन ते चार कोणाकडे तरी फोन सोपवा. लग्नघरात तेव्हा कोणी ना कोणी जागं असतंच. आमच्याकडे दादाचा साडू रात्रभर हॉलमध्ये पत्ते खेळत होता. त्याला सांगितलं असतं तर त्याने डाव टाकता टाकता उठवलं असतं.